एक्स बरोबर २१४०

अंबडच्या काट्यावर रात्री पावणेबाराला
भरलेला ट्रक चढतो आणि माझी स्क्रिप्ट थांबते.
कोसळत नाही, चूकही दाखवत नाही. नुसती थांबते,
बोलता बोलता फोन टेबलावर उताणा ठेवून
कुणी आत निघून जावं, तशी.

मी पाथर्डी फाट्याला, गॅलरीत, मांडीवर लॅपटॉप.
समोर पांडवलेण्यांचा डोंगर, काळा ठिपूस.
फोनवर गांगुर्डे: मॅडम, क्लिक केलं की टुंग वाजतं,
बाकी काही नाही.

टुंग म्हणजे कुणीतरी आहे.
कुठंतरी एक छोटी खिडकी उघडून बसलीये,
तिला उत्तर मिळेपर्यंत बाकी सगळ्यांचं बोलणं बंद.
आमच्यात तिला मोडल म्हणतात.
माझी आई अशा माणसाला उंबऱ्यातला म्हणते:
आत येत नाही, बाहेर जात नाही, वाटही देत नाही.

आधी मी सत्तेचाळिसाव्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावला.
भलतंच झालं. खिडकीनं पडदा धरला, डीबगरनं खिडकी,
दोघं एकमेकांची गचांडी धरून उभे
आणि भांडण सोडवायला गेलेला माउस मधे, मुका.
तिला थांबवून बघण्यात अर्थ नाही.
चालू द्यावं, आणि मागं माग काढत जावं.

म्हणून एक साधी फाईल, पायरीगणिक एक ओळ:
वजन वाचलं. २३:५२:०७
पावती क्रमांक घेतला. २३:५२:०७
विचारतोय. २३:५२:०८

त्याखालच्या कोऱ्या जागेकडं
मी बराच वेळ बघत बसले.

मग कुलूपच काढलं. मोडल नको, साधी खिडकी.
स्क्रिप्ट उत्तराला न थांबता सुसाट पुढं,
आणि पावतीवर वजन छापलं: शून्य.
गांगुर्डे हसले. ड्रायव्हर निसार हसला नाही,
त्याला पहाटेपर्यंत भुसावळ गाठायचं होतं.
कुलूप परत लावलं.

शेवटी एक टायमर. ती अडून बसली तरी तो आत टिकटिकतो.
दर दोन सेकंदांनी तिलाच विचारायचं: कुठं आहेस?
तिनं लगेच सांगितलं. लपवत नव्हतीच.
एक्स बरोबर २१४०. वाय बरोबर ३००.
दिसतेस? हो.

पडदा एकोणीसशे वीसला संपतो.

गांगुर्डे, तिथं दुसरा मॉनिटर होता का?
होता की, खैरनारबाईंचा.
त्या फेब्रुवारीत रिटायर झाल्या, तो अकाउंटवाल्यांनी नेला.

बाई खिडकी उजवीकडं ओढून ठेवत असणार, चष्म्याच्या सोयीनं.
आणि मीच लिहिलं होतं, वर कौतुकही करून घेतलं होतं:
जिथं सोडाल तिथंच पुन्हा उघडेल.
मागणीत आणि काट्यात पन्नास किलोंहून जास्त फरक पडला
तरच हा प्रश्न येतो. फेब्रुवारीनंतर आज पहिल्यांदा पडला.
आणि स्क्रिप्टनं तो विचारला,
नेमाप्रमाणे, बाईंच्या पडद्यावर.

आल्ट आणि स्पेस. आता एम. आता डावा बाण, दाबून धरा.
अजून काहीच नाही मॅडम.
धरून ठेवा.
आली. कोपरा आला. आली आली.

वाचा.
वजनात ६२ किलो फरक आहे. स्वीकारायचं? हो. नाही.

पलीकडं शांतता. मग गांगुर्डे लांबून ओरडताना ऐकू आले:
ए निसारभाई, क्लीनर कुठाय तुझा?
मागं झोपलाय.
उतरव त्याला खाली!

सकाळी दोन ओळी टाकल्या:
उघडण्याआधी बघ, ती जागा अजून आहे का;
नसेल तर मधोमध ये.
फाईलमधलं 'विचारतोय' काढायचं राहिलं.
परवा दिसलं, तेव्हाही नाही काढलं.